‘शॅल’ आणि ‘विल’

उत्तरपत्रिका तपासण्याचें काम ज्यांनीं केलें असेल त्यांस ठाऊक आहे कीं, दोन-तीनशें वह्या हाताखालून गेल्यावर परीक्षकाचे डोळे वाचीत नाहींत, नुसते शोधीत असतात. माझ्या नोकरीच्या आरंभींच्या एका वर्षीं अशाच एका गठ्ठ्यांतील एक उत्तरपत्रिका मजपुढें आली. प्रश्न नेहमींचाच होता : योग्य काळाचें रूप घालून रिकाम्या जागा भरा. एका वाक्याचा कर्ता प्रथमपुरुषी, आणि काळ भविष्य. विद्यार्थ्यानें प्रथम ‘विल’ लिहिलें होतें. तें खोडून वर ‘शॅल’ लिहिलें. तेंहि खोडून शेजारीं पुन्हां ‘विल’ लिहिलें आणि त्याखालीं दोन रेघा ओढल्या होत्या. आम्हांला दिलेल्या आदर्श उत्तरांत ‘शॅल’ होतें. मीं एक गुण कापला आणि पुढची वही उघडली.

आपल्या हातून कांहीं वावगें झालें असें त्या वेळीं मला मुळींच वाटलें नाहीं. शाळेंत आमच्या गुरुजींनीं हा नियम आमच्याकडून पाढ्यांसारखा घोटवून घेतला होता. ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांच्यामागून ‘शॅल’, इतर सर्वांमागून ‘विल’. परंतु निश्चय, वचन अथवा धमकी असेल तर याच्या नेमकें उलट. तालुक्याच्या गांवीं कोणाहि इंग्रजाचें बोलणें प्रत्यक्ष कानीं पडण्याचा संभव नव्हता. तेव्हां नियम हीच आमची इंग्रजी भाषा होती. पुढें वाचन वाढलें, आणि ज्या इंग्रज ग्रंथकारांना आम्ही आदर्श मानीत होतों ते हा नियम पदोपदीं मोडतात असें दिसूं लागलें, तेव्हां मनांत प्रश्न आला कीं, हा कायदा केला कोणीं, कधीं, आणि कोणासाठीं ? त्याचा शोध घेतां घेतां जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

इंग्रजी भाषेच्या प्राचीन अवस्थेंत क्रियापदाला काळ दोनच होते : एक वर्तमान आणि एक भूत. भविष्यकाळाचें स्वतंत्र रूप तिला कधींच नव्हतें व आजहि नाहीं. उद्यांची गोष्ट सांगावयाची तर वर्तमानाच्याच रूपानें काम भागे. ऐकणारा संदर्भावरून उमजून घेई. ‘शॅल’ याचा मूळ अर्थ ‘देणें लागणें’, आणि ‘विल’ याचा ‘इच्छिणें’. देणें आणि इच्छा या दोहोंचेंहि फळ पुढें यावयाचें असतें. म्हणून हळूहळू हे दोन्ही शब्द भविष्याच्या चाकरीला लागले. चौदाव्या शतकांत वायक्लिफ याच्या अनुयायांनीं लॅटिन बायबल इंग्रजींत आणलें, तेव्हां लॅटिन भविष्यकाळाच्या रूपासाठीं त्यांनीं सामान्यतः ‘शॅल’ योजला व ‘विल’ हा इच्छार्थक क्रियापदासाठीं राखून ठेवला. लोकांच्या बोलण्यांत मात्र दोन्ही शब्द, वांटण्या न झालेल्या भावांसारखे, एकाच घरांत नांदत राहिले.

त्यांचें वांटणीपत्र लिहिणारा गृहस्थ गणिती होता हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. जॉन वॉलिस हा ऑक्सफर्ड येथें भूमितीचा अध्यापक. अनंताकरितां आज सर्व जगांत वापरतात तें आडव्या आठासारखें चिन्ह त्यानेंच रूढ केलें. इंग्लंडांतील यादवी युद्धांत राजपक्षाचीं सांकेतिक पत्रें उलगडण्याचें काम त्यानें पार्लमेंटासाठीं केलें होतें. १६५३ सालीं त्यानें इंग्रजी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तें लॅटिन भाषेंत. कारण तें मुख्यतः इंग्रजी शिकूं पाहणाऱ्या परकीयांसाठीं होतें. आधींच्या व्याकरणकारांनीं इंग्रजीला लॅटिनचा अंगरखा घातला म्हणून त्यानें त्यांस दोषहि दिला आहे. याच पुस्तकांत, या दोन शब्दांपैकीं कोणता केव्हां वापरावा हें परक्यांना कळत नाहीं असें म्हणून, त्यानें तो भेद सांगितला : प्रथमपुरुषीं ‘शॅल’ म्हणजे नुसतें भाकित, ‘विल’ म्हणजे वचन किंवा धाक, द्वितीय व तृतीय पुरुषीं ‘शॅल’ म्हणजे वचन किंवा धाक, आणि ‘विल’ म्हणजे नुसतें भाकित. त्याच्या आधीं एखाद्या लेखकाला या भेदाची चाहूल लागली होती; परंतु इतक्या रेखीवपणें तो कोणीं मांडला नव्हता.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. वॉलिसचा हा सारा भेद बोलणाऱ्याच्या मनावर उभा आहे. तो भाकित करतो आहे कीं वचन देतो आहे, हें कळल्यावांचून कोणता शब्द बरोबर हें सांगतां येणार नाहीं. ही अट पुढें कशी गळून गेली, हाच या इतिहासाचा गाभा आहे.

अठराव्या शतकांत इंग्लंडांत व्याकरणांचें पीक आलें. ज्यानें पुढें प्राणवायूचा शोध लावला त्या जोसेफ प्रीस्टली यानें १७६१ सालीं एक लहानसें व्याकरण लिहिलें. त्याचें म्हणणें असें कीं, आपल्या क्रियापदाला भविष्याचें रूपच नसल्यामुळें इंग्रजींत भविष्यकाळ मानण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या भाषांत तो आहे असें आपण ऐकलें नसतें तर ‘शॅल’-‘विल’च्या जोडकामाला आपण वेगळें नांवहि दिलें नसतें. शास्त्रज्ञाच्या या स्वच्छ दृष्टीकडे शाळांनीं पाठ फिरविली. १७६२ सालीं रॉबर्ट लोथ यानें वॉलिसचा भेद थोडक्यांत सांगितला, १७६५ सालीं विल्यम वॉर्ड यानें तो विस्तारला, आणि १७९५ सालीं लिंडली मरे याचें व्याकरण निघाल्यावर सर्वांची सांठवण एका ठिकाणीं झाली.

मरे हा जन्मानें अमेरिकन, धंद्यानें वकील. न्यूयॉर्कमध्यें पैसा मिळवून, प्रकृतीसाठीं म्हणून तो इंग्लंडांत यॉर्क शहराजवळ येऊन राहिला, आणि तेथील क्वेकर पंथाच्या मुलींच्या शाळेसाठीं त्यानें हें पुस्तक तयार केलें. त्याच्या लाखों प्रती खपल्या. मरेनें इंग्रजी क्रियापदाला सहा काळ दिले, कारण लॅटिनला सहा होते. साध्या भूतकाळाला, म्हणजे ज्यांतील क्रिया पार पडून गेलेली असते त्यालाच, त्यानें ‘अपूर्ण’ असें नांव दिलें. कां, तर लॅटिन कोष्टकांत त्या घरांत तेंच नांव लिहिलेलें होतें! वॉलिसनें जो अंगरखा काढून टाकला होता तो मरेनें इस्त्री करून पुन्हां चढविला.

परंतु नियम छापला म्हणजे तो पाळला जातोच असें नाहीं. तो पाळला जावा यासाठीं लाजेचें बळ लागतें, आणि तें स्कॉटलंड व आयर्लंड यांनीं पुरविलें. या दोन्ही देशांत प्रथमपुरुषींहि ‘विल’ सररास चाले. लंडनमध्यें जाऊन नांव काढूं इच्छिणाऱ्या स्कॉट मनुष्याचें मूळ या एका शब्दावरून उघडें पडे. डेव्हिड ह्यूमसारख्या थोर तत्त्ववेत्त्यानें १७५२ च्या सुमारास स्वतःच्या देशबांधवांच्या ‘स्कॉटपणां’ची यादी छापली, तींत या शब्दाचा समावेश आहे. कार्यकारणाच्या संबंधाबद्दल जगाला शंका घ्यावयास शिकविणारा हा पुरुष. पण लंडनच्या दिवाणखान्यांतील ‘शॅल’बद्दल शंका घेण्याचें धैर्य त्यालाहि झालें नाहीं. मग ती प्रसिद्ध थट्टा निघाली. एक आयरिश (कोणी स्कॉट म्हणतात) नदींत पडला आणि घाबरून ओरडला. त्याच्या मनांत म्हणावयाचें होतें, ‘मी बुडेन, मला कोणी वांचविणार नाहीं !’ परंतु दोन्ही शब्दांची अदलाबदल झाल्यामुळें कांठावरच्या इंग्रजांना ऐकूं आलें, ‘मी बुडणारच, खबरदार कोणी मला वांचवाल तर !’ आणि त्यांनीं सभ्यपणें त्याच्या इच्छेला मान दिला. या विनोदाला पिढ्यान् पिढ्या हंसणाऱ्यांच्या ध्यानांत एवढें आलें नाहीं कीं, बुडणाऱ्याचें म्हणणें न समजण्याइतका मूर्ख कोणीहि नसतो, आणि व्याकरणाच्या आधारानें मात्र तसा होतां येतें.

या एका विषयावर १८५६ सालीं सर एडमंड हेड यानें एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. हा त्या वेळीं कॅनडाचा गव्हर्नर-जनरल होता. एवढ्या विस्तीर्ण मुलखाचा कारभार पाहून उरलेल्या वेळांत त्यास हीच चिंता वाटावी यावरून त्या शब्दाचा दरारा कळून येईल. १९०६ सालीं फाउलर बंधूंनीं आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत सांगितलें कीं, दक्षिण इंग्लंडांत जन्मलेल्यास हा प्रयोग आपोआप साधतो आणि इतरांस तो शिकून येणें जवळजवळ अशक्य. आणि एवढें सांगून मग त्यांनीं तो शिकविण्यासाठीं पानेंच्या पानें खर्च केलीं. दक्षिण इंग्लंडाबाहेरच्या इंग्रजाची ही कथा, तर सातारा-सांगलीच्या मुलानें काय करावें ? अखेर १९२५ सालीं चार्ल्स फ्राइझ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानें वादविवाद बाजूस ठेवून इंग्रजी व अमेरिकन नाटकांतील संवाद घेतले आणि सरळ मोजदाद केली. प्रथमपुरुषींहि ‘विल’च अधिक वेळां आढळला, आणि तो दोन्ही देशांच्या नाटकांत. ४ जून १९४० रोजीं चर्चिलनें पार्लमेंटांत शेवटपर्यंत लढण्याचा निर्धार बोलून दाखविला, तो पुनः पुनः ‘शॅल’ उच्चारून. निर्धाराला प्रथमपुरुषीं ‘विल’ हवें. आमच्या परीक्षेंत चर्चिलचे बरेच गुण गेले असते.

आपल्याकडे हा नियम कसा आला तें आतां पाहूं. मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे आपली मॅट्रिक, झाली. उत्तीर्ण झालेल्या मोजक्या तरुणांत महादेव गोविंद रानडे होते. या परीक्षेच्या दारांतून गेल्यावांचून ना वकिली, ना सरकारी नोकरी, ना पुढचें शिक्षण. तेव्हां ‘शॅल’ व ‘विल’ यांतील निवड ही आमच्या घरांत भाषेची राहिली नाहीं, पोटाची झाली. लंडनमध्यें जो शब्द माणसाचें गांव सांगे तो मुंबई-पुण्यांत त्याचें भवितव्य ठरवूं लागला. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुढें कैक पिढ्यांच्या दप्तरांत राहिली, आणि १९३५ च्या सुमारास रेन आणि मार्टिन यांचें व्याकरण आलें. यांतील पर्सिव्हल रेन हा परदेशीं पलटणीच्या साहसांवरील ‘बो जेस्ट’ या कादंबरीमुळें जगाला ठाऊक आहे. तो मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत नोकरीस होता हें फारसें कोणाच्या लक्षांत नसतें. त्याच पुस्तकाच्या अलीकडच्या सुधारलेल्या आवृत्त्यांत सर्व पुरुषीं ‘विल’ चालतें असें स्वच्छ म्हटलें आहे. परंतु पुस्तक सुधारलें तरी शिक्षकाच्या तोंडचा नियम सुधारावयास आणखी एक पिढी लागते. माझे गुरुजी जुन्या आवृत्तीवर वाढलेले होते, आणि मी गुरुजींवर.

हें सर्व झालें नियमाचें. आतां प्रश्नाच्या घडणीकडे वळूं, कारण माझ्या मतें खरी गोम तेथें आहे. चुकीचीं वाक्यें देऊन तीं दुरुस्त करावयास लावण्याची पद्धत अठराव्या शतकाच्या मध्यास न्यूकॅसलच्या ॲन फिशर या शिक्षिकेनें आपल्या व्याकरणांत आणली. मरेनें १७९७ सालीं अशा वाक्यांचा एक निराळा संग्रह काढला आणि त्याची किल्ली वेगळी छापली. किल्ली आली म्हणजे कुलूप एकच असावें लागतें. विसाव्या शतकांत अमेरिकेच्या कॅन्सस संस्थानांत फ्रेडरिक केली यानें १९१५ च्या सुमारास, उत्तराविषयीं परीक्षकाला मतभेदच उरूं नये अशा बेतानें चांचणी रचली, आणि चार पर्यायांतून एकावर खूण करण्याची आजची चाल तेथून फोफावली. या सर्व पद्धतींत वाक्य एकाकी असतें. तें कोण बोलतो, कोणाला, कोणत्या मनानें, यांतलें कांहींच ठाऊक नसतें. ‘उद्यां मी पुण्यास’, पुढें रिकामी जागा, आणि ‘जाणें’ हें क्रियापद कंसांत ! हा मनुष्य बातमी देतो आहे, कीं बायकोला वचन देतो आहे, कीं सावकाराला धमकी ? वॉलिसचा नियम अक्षरशः पाळावयाचा तर या प्रश्नाला उत्तरच नाहीं; दोन्ही शब्द बरोबर आहेत, आणि कोणता अधिक बरोबर हें तो बोलणारा भेटल्यावांचून कळणार नाहीं. ज्या नियमाचा प्राणच बोलणाऱ्याच्या मनांत होता त्याची परीक्षा बोलणाऱ्याला वगळून घेण्यांत आली.

काळाच्या रूपांत बोलणारा किती भरलेला असतो हें आपल्या देशांत फार पूर्वीं ओळखलें होतें. पाणिनीनें भूतकाळाचे भेद करतांना आजच्या दिवसाच्या पूर्वींची गोष्ट वेगळी काढली, आणि बोलणाऱ्यानें स्वतः न पाहिलेली गोष्ट आणखी वेगळी. पुढें असा प्रश्न आला कीं, एखादी घटना बोलणाऱ्यानें पाहिली नाहीं, पण ती सर्व लोकांस माहीत आहे व त्याच्या हयातींतील असल्यामुळें त्याला पाहतां आली असती, तर रूप कोणतें ? तेथें परोक्षाचें रूप घेऊं नये असें ठरलें, आणि पतंजलीनें महाभाष्यांत उदाहरण दिलें तें यवनानें साकेत नगरीला घातलेल्या वेढ्याचें. १८६१ सालीं गोल्डस्ट्युकर या जर्मन पंडितानें हें उदाहरण उचललें आणि तर्क केला कीं, ज्या अर्थीं पतंजलि हें रूप घेतो त्या अर्थीं तो वेढा त्याच्या हयातींत पडलेला असला पाहिजे. १८७२ सालीं आपल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं ‘इंडियन अँटिक्वरी’ मासिकांत दुसरें उदाहरण पुढें आणलें : सुरू झालेली परंतु अद्याप न संपलेली क्रिया वर्तमानकाळानें सांगावी यासाठीं पतंजलि पुष्यमित्राच्या यज्ञाचें वाक्य देतो, आणि तें ‘आम्ही येथें यज्ञ करवीत आहों’ अशा अर्थाचें आहे. म्हणजे यज्ञ चालू असतांना हें लिहिलें गेलें ! एवढ्या आधारावर भांडारकरांनीं पतंजलीला ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्यावर आणून बसविलें. व्याकरणांतील उदाहरणें जुन्या गुरूंपासून चालत आलेलीं असूं शकतात, असा आक्षेप कित्येकांनीं घेतला व तो अगदींच पोकळ नाहीं. तरी क्रियापदाच्या एका रूपावरून बोलणारा कोठें उभा होता हें ओळखण्याची ती दृष्टि पाहावी. आमच्या प्रश्नपत्रिकांनीं जें वाक्यांतून काढून टाकलें, नेमकें त्याचाच माग घेत भांडारकर दोन हजार वर्षें मागें गेले.

याच पाणिनीनें आणखी एक सोय करून ठेविली आहे. वर्तमानाच्या अगदीं लगतची गोष्ट असेल तर, मागची असो वा पुढची, ती वर्तमानाच्या रूपानें सांगितली तरी चालेल; आणि आशा बोलून दाखवावयाची असेल तर पुढच्या गोष्टीला भूतकाळाचेंहि रूप चालेल. चालेल म्हणजे विकल्पानें. दोन्ही रूपें शुद्ध. आपली मराठी ही सवलत दिवसांतून दहा वेळां घेते. घराबाहेर पडणारा मनुष्य ‘येतो’ म्हणून जातो. ज्याला बोलावलें तो ‘आलोंच’ म्हणतो आणि त्यानंतर पांच मिनिटांनीं जागेवरून उठतो. परीक्षेंत हीं वाक्यें घातलीं तर काळ ओळखण्याच्या प्रश्नांत आपली सारी आळी नापास होईल. आणि भविष्यकाळाचें म्हणाल, तर दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं इंग्रजीच्या धर्तीवर ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ रचिलें तेव्हां मराठीला इंग्रजीहून एक गोष्ट अधिक होती : करीन, करशील, करील, असें भविष्याचें खरेंखुरें स्वतःचें रूप. शिवाय वॉलिसनें शोधला तसा भेदहि आपल्याजवळ आहे. आईनें विचारावें, ‘दिवाळीला येशील ना रे ?’ मुलगा ‘येईन’ म्हणाला तर ती गप्प बसते. ‘येणार’ म्हणाला तर अनारशांचे तांदूळ भिजत घालते. हा फरक तिला कोणीं शिकविला नाहीं, आणि त्यावर आम्हीं कधीं एक गुणाचा प्रश्नहि काढला नाहीं.

त्या खाडाखोड केलेल्या उत्तरपत्रिकेचा विचार मला अलीकडे फिरून येतो. तो मुलगा कोण, कोठला, कांहीं ठाऊक नाहीं. उत्तरपत्रिकेवर क्रमांक असतो, नांव नसतें. पण त्याच्या कानांवर कोठून तरी, रेडिओवरील क्रिकेटच्या समालोचनांतून म्हणा, जिवंत इंग्रजी पडत असावें. कान एक सांगत होते, पुस्तक दुसरें; त्यानें एकदां पुस्तकाचें ऐकलें आणि अखेर कानांचें. शेवटच्या दोन रेघा त्यानें मोठ्या जोरानें ओढल्या होत्या. कागद मागील बाजूस उठला होता.

गेल्या कांहीं वर्षांत वारा फिरला आहे. मध्यंतरीं एका परीक्षेच्या परीक्षकांच्या सभेंत मी बसलों होतों. भविष्यकाळाचा तोच प्रश्न. आदर्श उत्तर या वेळीं ‘विल’, आणि दुसरें कोणतेंहि ग्राह्य नाहीं अशी सूचना. नमुन्याच्या वह्यांत एक उत्तर ‘शॅल’ असें आलें होतें, सुंदर वळणदार अक्षरांत. घरांत कोणी तरी आजोबा असावेत. त्याचा गुण कापला होता. मीं म्हटलें, दोन्ही उत्तरें बरोबर धरावीं. एक तरुण प्राध्यापिका म्हणाल्या, ‘सर, मग प्रश्न कशाला विचारायचा ?’ त्यांचें म्हणणें मला खोडून काढतां येईना. मुख्य नियामकांनीं घड्याळाकडे पाहिलें, ‘एक मिनिट, आलोंच’ म्हणून ते उठले, आणि चहा होऊन गेल्यावर वीस मिनिटांनीं परत आले. मग त्यांनीं सूचनेच्या कागदावर ‘शॅल’ हा शब्द हातानें लिहिला व पुढें कंसांत लिहिलें : याच वर्षापुरतें.